रस्त्याची मोरी, घरची न्हाणी

माझी थोरली बहीण बार्शीला दिली आणि मला मोगलाईत. अंतर म्हणाल तर बैलगाडीनं एका दिवसाचं. पण मधून इंग्रजांची आणि निजामाची हद्द जायची, त्यामुळं मला वाटे लावताना आईनं असा गळा काढला की पाहुणे घाबरले. अक्काच्या वेळी ती एवढी रडली नव्हती. तेव्हा मला त्याचा राग आला होता. पुढं कळलं की आईला बरंच काही माहीत होतं.

अक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, सरकारी बांधकामं घ्यायचे. माझे मालकही तेच करायचे. मालक म्हणजे माझा नवरा. कामावरची माणसं त्यांना मालक म्हणायची, मीही मालकच म्हणायची, आणि त्यांनीही आमच्यात फार फरक केला नाही. तिकडं त्या धंद्याला कंत्राट म्हणत, इकडं गुत्ता. दाजी कंत्राटदार, माझे मालक गुत्तेदार. काम एकच. सरकार सांगेल ती शाळा, विहीर, चावडी, रस्त्यावरची मोरी बांधून द्यायची. दगड तोच, चुना तोच, घाम तोच. पण अक्काच्या घरी पक्की न्हाणी होती आणि माझ्या घरी नव्हती.

हसू नका. ज्यांच्या घरात नळ आलाय त्यांना न्हाणी म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. चार भिंती, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाणी तापवायची चूल आणि आतून लावायला कडी. एवढंच. अक्काकडं न्हाणीलाच मोरी म्हणत. आमच्याकडं मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून बांधतात ती. ऐकून मी एकदा मालकांना म्हटलंही, "अख्ख्या तालुक्याला मोऱ्या बांधून दिल्या तुम्ही, मला एक न्हाय." ते हसले. हसून गप्प करायची कला त्यांना छान साधली होती.

माझी न्हाणी म्हणजे परसात दोन बाभळीचे मेढे आणि त्यांना बांधलेलं जुनं लुगडं. फटफटायच्या आत अंघोळ उरकावी लागे, कारण उजाडलं की मजुरांची टोळी हजेरीला आमच्याच अंगणात यायची. पहारी, घमेली, टोपल्या, सगळा बाडबिस्तारा आमच्या गोठ्याशेजारी. हिवाळ्यात त्या गार वाऱ्यात अंगावर तांब्या घेताना दात वाजायचे, आणि कान मात्र अंगणाकडं. लग्न झाल्यापासून मी एकदाही निवांत न्हायले नाही. माहेरी गेले की अक्का बार्शीहून यायची, तेव्हा तिचे केस कसे मऊ, शिकेकाईचा वास येणारे. मला तिचा हेवा वाटायचा. सख्ख्या बहिणीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

बार्शीला दाजींचं सामान ठेवायला स्टेशनाजवळ वखार होती. तिथं एक मुनीम बसे. माणसं तिथंच जमायची, बाजाराच्या दिवशी मजुरी घ्यायची, काम संपलं की आपापल्या घरी जायची. नवं काम निघालं की नुसता निरोप धाडायचा, नवी टोळी उभी. ओव्हरसियर ठरल्या दिवशी येणार, फीत लावून मोजणार, लिहून घेणार, झालं. अक्काला तर मुकादमाचं तोंडही माहीत नव्हतं. धंदा धंद्याच्या जागी, घर घराच्या जागी.

आमच्याकडं तामिरात खातं होतं, म्हणजे निजामाचं बांधकाम खातं. साहेबाच्या तोंडच्या शब्दावर काम सुरू व्हायचं, मंजुरी मागनं यायची आणि बिलाचा कागद हैदराबादला जायचा. "कागद हैदराबादला गेलाय." हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं मला त्या कागदाचीच काळजी वाटायची, बिचारा जेवला असेल का कुठं. कागद तिकडं फिरायचा तोवर इकडं टोळी काय खाणार? आणि टोळीला एकदा घरी जा म्हटलं की ती परत येत नसे. सरळ हद्द ओलांडून बार्शीकडं जायची, जिथं बाजाराच्या दिवशी हातावर मजुरी पडते. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनाही पोटं होती.

म्हणून मालक टोळीला जाऊच देत नसत. एकाच वेळी दोन-तीन कामं अर्धी-मुर्धी चालू ठेवायची. इथं दगड अडला की माणसं तिथं हलवायची, तिथंही घोडं अडलं की आमच्या रानात निंदायला लावायची. आणि काम चालू असो नसो, दुपारची भाकरी आमच्या घरनं. ज्वारी आमच्या रानातली, जात्यावर मी आणि एक गडीण, चुलीपुढंही आम्हीच. टोपलंभर भाकरी, वर ठेचा, आमटीचं पातेलं. ते टोपलं कामावर पोचलं की टोळी जाग्यावर राहायची. धंद्याचं भांडवल म्हणतात ते दाजींच्या वखारीत होतं, आमचं माझ्या कणगीत होतं. त्यात माझं कंबरडं मोडलं, ही गोष्ट कुणी कुठं मांडली नाही.

दाजी आले की ओट्यावर बसून मालकांची थट्टा करायचे. आमचा ओटा मोठा, घडीव काळ्या दगडाचा, सासऱ्यांनी बांधलेला. त्यावर घोंगडी टाकून मालकांचा सगळा कारभार चाले.

"तीन कामं आणि तिन्ही अर्धी," दाजी म्हणायचे. "साडभाऊ, एक तरी धड पुरं करा की."

"एक पुरं करायला बसलो तर तिन्ही बुडतील," मालक म्हणायचे.

"आळशाला निमित्तच पाहिजे," असं म्हणून दाजी हसायचे, आणि मी आतून चहा पाठवायची.

आता माझ्या न्हाणीचं काय झालं ते ऐका. मालकांच्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकदा विटा आणल्या. त्या परसात रचल्या आणि लगेच एका शाळेच्या भिंतीला विटा कमी पडल्या, सरकारी भट्टीच्या विटा यायला वेळ होता, म्हणून आमच्या गेल्या. एकदा शहाबादी फरशी आणली. ती तहसील कचेरीच्या पायरीला बसली, कारण पावसाळ्यात साहेबाचे बूट चिखलात बरबटत होते. नंतर मला कधी कचेरीत जावं लागलं की मी त्या पायरीवर मुद्दाम जरा वेळ उभी राहायची. माझीच फरशी होती ती. मग एकदा दार करून घेतलं, बाभळीच्या लाकडाचं, दणकट. तर कमान बांधताना खालून लाकडी आधार द्यावा लागतो, त्या आधारात माझं दार गेलं. दर वेळी मालक म्हणायचे, "हे काम हातावेगळं होऊ दे." मी भांडले, अबोला धरला, एकदा माहेरी जाऊन बसले. शेवटी हात टेकले. माणूस वाईट असता तर भांडायला तरी जोर आला असता. ते स्वतःही सदऱ्याला ठिगळ लावून हिंडायचे.

मग जर्मनची दुसरी लढाई सुरू झाल्यावर तेरजवळच्या आमच्या गावाखाली, रस्त्यावर एका मोरीचा गुत्ता निघाला. गावापासून हाकेच्या अंतरावर. दाजी म्हणाले, "यात माझी भागी धरा. काम कसं उरकायचं असतं ते एकदा दाखवतोच तुम्हाला." मालकांनी हो म्हटलं. मला वाटलं, चला, दाजींच्या पद्धतीनं काम होईल, अंगण रिकामं होईल, न्हाणीही होईल. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

दाजींनी आपली टोळी आणली, रस्त्याकडेला झोपड्या टाकल्या, हजेरीला मुनीम बसवला. सगळं कसं शिस्तीत. आणि बार्शीकडनं कळीचा चुना मागवला, भट्टीतून काढलेला, अजून पाणी न दाखवलेला. तो हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यात, म्हणजे निजामाच्या जकातीत, अडकला. नाक्यावरचा कारकून म्हणाला, परवाना उर्दूत पाहिजे. दाजींचा इंग्रजीत होता. मालकांनी आधीच सांगितलं होतं, चुना पलीकडनं आणू नका. पण दाजी म्हणाले, "चांगला चुना तो चांगला चुना, त्याला मुलूख कसला?" पोती उघड्यावर पडली आणि अवकाळी पाऊस आला. कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो उकळतो. पोती धुमसायला लागली, नाक्यावरचे शिपाई आग आग म्हणून पळत सुटले. चुना तिथंच फुकट गेला. मग चुना नाही म्हणून काम बंद, काम बंद म्हणून मजुरी बंद, आणि बाजाराचा एक दिवस कोरडा गेल्याबरोबर दाजींची टोळी उठून चालती झाली. त्या झोपड्यांची लाकडंसुद्धा नेली त्यांनी.

मालकांनी मग आपली टोळी लावली. आमचे मिस्त्रीचाचा, तेरचे, मालकांच्या वडिलांपासून आमच्याकडं असलेले, त्यांनी ओढ्याकाठच्या चुनखडीचा चुना इथंच भाजला. "बार्शीका चुना बार्शीला," म्हणाले, "आपला इथला हाय, त्याला कोण आडवतंय?" दाजी बिचारे ओट्यावर तोंड पाडून बसले होते. मला जरा बरं वाटलं, पण जराच. कारण अंगण पुन्हा भरलं.

आमच्या मालकांनाच सगळं कळत होतं असंही समजू नका. मधे एक उन्हाळा इकडं काहीच काम नव्हतं, म्हणून ते टोळी घेऊन बार्शीला दाजींच्या एका कामावर गेले. तिथं ओव्हरसियरनं विचारलं, "एवढी माणसं कशाला?" ह्यांनी सवयीनं अडीअडचणीला म्हणून जास्तीची माणसं धरली होती, आणि वर सगळ्यांना जेवण, त्याचं पीठ माझ्या जात्यावरचं. तिकडं दगड वेळेवर यायचा, कशाची वाट बघावीच लागत नसे. तिघांच्या कामाला पाचजण उभे. मालक हात हलवत परत आले. अक्कानं मला निरोप धाडला होता, "तुझ्या मालकांना सांग, इथं माणसांना पोसायचं नसतं, कामाला लावायचं असतं." तो निरोप मी त्यांना सांगितलाच नाही. तिकडचा शहाणा इकडं येडा ठरतो आणि इकडचा तिकडं, हे मी दोन्हीकडनं बघितलं, आणि दोन्ही वेळा जात्यापुढं मीच होते.

लढाई वाढली तशी सरकारनं लेव्ही लावली. कणगीतली ज्वारी मोजून न्यायला लागले. टोळीला भाकरी घालायची कशानं? मी हुलगे दळले, रेशनची लाल ज्वारी दळली, भाकऱ्या लहान केल्या. टोळीतल्या बायांची मुकादमीण होती, काळी, उंच, तोंडानं फटकळ. तिनं लहान भाकरी हातात घेतली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मालकीण, तुमची बी एवढीच हाय न्हवं?" मी हो म्हटलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि खाली बसून खाल्ली. त्या साली टोळीतलं कुणीही गेलं नाही.

त्याच साली माझ्या लेकीला न्हाण आलं. गल्लीतल्या बाया जमल्या, तिला पाटावर बसवली, गाणी म्हटली, ओटी भरली. ती लाजून गोरीमोरी झाली होती. सगळं रीतीनं झालं. आणि चौथ्या दिवशीची अंघोळ मात्र त्या लुगड्याच्या आडोशाला. मी लवकर उठवायला हवं म्हणून उठवली, पण ती दमलेली, वेळ लागला, उजाडलं. वारा सुटला आणि लुगडं मेढ्यावरनं उडालं. टोळी हजेरीला अंगणात आलेली होती. माणसं भली, त्यांनी लगेच पाठ फिरवली. मी धावत जाऊन तिला माझ्या पदराखाली घेतली. पण पोरीनं जे तोंड झाकलं ते झाकलंच. त्या दिवसापासून ती परसात जाईना, जेवेना, अंगणात पाऊल टाकेना. टोळीला भाकरी न्यायला ती माझ्यासोबत यायची, तेही बंद. रात्री माझ्या कुशीत एवढंच म्हणाली, "आई, बार्शीच्या मावशीकडं ठेव मला."

सकाळी मी मालकांना म्हटलं, "आता न्हाणी झाली पाहिजे. मला न्हाय, तिला." त्यांनी खाणीवरनं घडीव दगड आणवला आणि परसात रचला. मिस्त्रीचाचांनी जागा आखली. लेक खिडकीतून बघत होती. पहिल्यांदा तिनं त्या दिवशी पोटभर भात खाल्ला.

आणि दौरा लागला.

मालक बाहेरून आले ते चेहरा उतरवूनच. "मोहतमीम साहेब येणार," म्हणाले. मोहतमीम म्हणजे तामिरातचा मोठा साहेब. त्यानं ती गावाखालची मोरी बघून सही केली की तो हैदराबादचा कागद हलणार. मोरीच्या एका बाजूची भिंत छातीएवढी राहिली होती.

"मग आणा की दगड खाणीवरनं," मी म्हटलं.

"गाड्या न्हाईत. तहसीलवाल्यांनी धरल्यात. साहेबाचे तंबू आणायला."

म्हणजे साहेबाला दाखवायची भिंत पुरी करायला गाड्या नाहीत, कारण गाड्या साहेबाच्या दिमतीला गेल्या. असल्या राज्यात आम्ही संसार केले. बोलून काय उपयोग?

मालक उभे राहिले आणि त्यांची नजर हळूच परसाकडं गेली. ती नजर मला पाठ होती. विटांच्या वेळची, फरशीच्या वेळची, दाराच्या वेळची.

"न्हाय," मी म्हटलं.

"अगं, पुन्हा आणू."

"न्हाय म्हणजे न्हाय." हाताला पीठ तसंच होतं. मी गेले आणि दगडांच्या ढिगावर जाऊन बसले. गुत्तेदाराची बायको, भर दिवसा, सगळ्या टोळीपुढं. दाजी त्या दिवशी हिशेबाला आले होते, ओट्यावर चहा पीत होते. ते म्हणाले, "अहो बाई, घरात जा. असलं शोभतं का?" मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मालकांचा पारा चढला. मला ते बोलले नाहीत, बायांवर ओरडले. "बघत काय उभ्या राहिलात? उचला गं. एकेक दगड डोक्यावर घ्या आणि चला मोरीवर."

मुकादमीण पुढं आली. डोक्यावरची चुंबळ काढली आणि जमिनीवर ठेवली. "मालक, हे दगड आमी न्हाय उचलायचे."

"का? पाय मोडले?"

"पाय धड हायत. पोरीचा आडोसा हाय त्यो. आमी बी बायामाणसं हाव."

मागनं एकेकीनं चुंबळी खाली ठेवल्या.

दाजी उसळले. "आमच्याकडं असलं चालत नसतं. सगळ्यांची हजेरी कापली असती आणि उद्या दुसरी टोळी उभी केली असती."

मालक एकदम थकल्यासारखे दिसले. "तुमच्याकडं दुसरी टोळी मिळते, साडभाऊ," म्हणाले. "माझ्याकडं ह्या गेल्या तर गुत्ताच गेला. मग साहेबानं सही केली काय आणि न्हाई काय." मग ओट्याजवळ आले. "उठा जरा," दाजींना म्हणाले. आणि मिस्त्रीचाचांना म्हणाले, "चाचा, पहार आणा."

चाचांच्या ध्यानात यायला वेळ लागला. "मालक, वालिदसाहेबांचा ओटा हाय. सोचून घ्या."

"सोचलं," मालक म्हणाले.

पहिला दगड निघाला तेव्हा मलाच कसंतरी झालं. त्या ओट्यावर सासरे बसायचे, तिथं त्यांचा अखेरचा श्वास गेला. मी म्हणणार होते, राहू द्या. पण खिडकीत लेक उभी होती, म्हणून मी तोंड मिटून बसून राहिले. बायांनी चुंबळी उचलल्या आणि ओट्याचे दगड भराभर डोक्यावर घेतले. दाजी हातात कपबशी घेऊन अंगणात उभे होते, त्यांना बसायला जागा राहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत घरापुढं नुसती माती उरली, आणि तिकडं मोरीची भिंत पुरी झाली.

साहेब आले. मालक कोट घालून, टोळी ओळीनं उभी करून रस्त्यावर थांबले होते. मोटार आली, मोरीवरनं गेली आणि धुरळा खाली बसायच्या आत दिसेनाशी झाली. साहेबांचं जेवण धाराशिवला होतं म्हणे. मालक घरी आले आणि ओटा नाही म्हणून उंबऱ्याजवळ पोत्यावर बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले. मला त्या दिवशी त्यांचा जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही. सहीचं पुढं काय झालं ते मला विचारू नका, कागद परत येईपर्यंत राज्यच बदललं.

न्हाणी मात्र झाली. मिस्त्रीचाचांनी भिंती लावल्या, बायांनी पाणी आणि चुना वाहिला, कुणी त्या दिवसाची हजेरी लावली नाही. चाचांनी कडी स्वतः बसवली, चार वेळा लावून बघितली. मी मुकादमिणीला म्हटलं, "पहिली अंघोळ तुझी." ती आत गेली, नेसत्या लुगड्यानिशी मधोमध उभी राहिली, वर बघितलं, भिंतीवरनं हात फिरवला आणि बाहेर आली. "लई झाक झाली," म्हणाली. "पर आमच्या अंगावरचा चुना एवढ्याश्या पाण्यात निघायचा न्हाय, मालकीण. आमाला वढाच बरा." बाया हसल्या आणि ओढ्याकडं गेल्या. मग लेक आत गेली, आणि बाहेर आली ती केस मोकळे सोडून. कितीतरी दिवसांनी अंगणात बसून तिनं ते वाळवले.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. न्हाण आलेली पोर किती दिवस घरात ठेवणार, असं जो तो म्हणायचा, आणि लुगडं उडाल्याची गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या तोंडून फिरायच्या आत पुरुषांना तिला उजवायची घाई झाली होती. स्थळ भूमकडचं. जमीन बरी, मुलगा शांत. मी बायांत बसले तेव्हा विहीणबाईंना विचारलं, न्हाणी आहे का घरी. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. "हितं प्यायला पाणी न्हाय, विहीणबाई," त्या म्हणाल्या, "न्हाणी कुठली काढताय?" मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्यासाठी स्थळ मोडायचं?" सुपारी फुटली होती. माझं कोण ऐकतंय?

नागपंचमीला तिला आणायला मालक स्वतः गाडी घेऊन गेले. गाडी दारात आली आणि मी भाकरतुकडा घेऊन पुढं झाले. पोर वाळली होती. मानेवर मळ, केसांच्या जटा. मी तुकडा ओवाळून टाकला, म्हटलं, "ये, आधी चहा घे." तिनं बोचकं माझ्या हातात दिलं, माझ्या गळ्यातसुद्धा पडली नाही, सरळ मागं गेली आणि न्हाणीत शिरली. आतून कडी लावल्याचं ऐकू आलं.

मी परसातल्या चुलीवर पाणी तापवलं, तिनं कडी काढून दार जरासं लोटलं तेवढ्या फटीतून आत दिलं. पाणी ओतल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. "आई, अजून हाय का?" तिनं दाराआडून विचारलं. मी दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा दिलं. पाण्याचा आवाज थांबला की मधेच हुंदका ऐकू यायचा, आणि तो मला ऐकू जाऊ नये म्हणून ती घाईनं तांब्या ओतायची. मी दाराला पाठ लावून बसून राहिले. चहा निवून गेला, दिवे लावायची वेळ झाली.

मालक परसात आले. आयुष्यभर त्यांनी माणसांना एकच विचारलं होतं, उरकलं का म्हणून. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "तिला कुणी हाक मारायची न्हाय."

आत पाणी पडत होतं. त्यांनी रांजणात वाकून बघितलं, तळ दिसत होता. आमच्या घरातल्या पुरुषांनी कधी पाणी भरलं नव्हतं, आणि ह्यांनी तर पिण्याचा तांब्याही कधी हातानं घेतला नव्हता. त्यांनी कोट काढून मेढ्याला अडकवला, घागर उचलली आणि विहिरीवर गेले.